कार्बोरेटरचा पिवळा मुलामा

रचनाचं पत्र आषाढात आलं आणि मी उत्तर दिलं नाही. फोनवर बोलताना मी चाचरतो हे तिला ठाऊक, म्हणून पत्र. ‘काका, बाबांची मोटारसायकल न्यायला येते. गंज काढून ठेवा, पण एकही भाग बदलू देऊ नका. सगळं बाबांचंच आहे ना, एवढं कळवा.’

तिचे बाबा म्हणजे माझा मित्र अनंता, थळचा. खाऱ्या वाऱ्यापासून वाचावी म्हणून त्याने गाडी चौलला माझ्या पडवीत आणून ठेवली. पुढे तो गेला, गाडी राहिली.

पत्र वाचून मी कार्बोरेटर थळला निकेशच्या गॅरेजात दिला. निकेश अनंताच्याच आळीतला. देताना कार्बोरेटर काळपट होता, पण बोटाने पुसलं की खालून पिवळी, सोनेरी झाक दिसायची. नारळी पौर्णिमेनंतर परत मिळाला तो पांढराफेक, नवाकोरा. निकेशच्या फळीवर विकायला ठेवलेले नकली कार्बोरेटर असेच पांढरे होते.

“पिवळा होता रे तो,” मी म्हटलं.

“जुना माल साफ केला की असाच निघतो, काका.” बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

पिवळा खरंच होता, की गाडीच्या माहितीपुस्तकातल्या चित्रात पाहिलेला रंग माझ्या डोक्यात बसला होता? माझा स्वतःवरच भरवसा नाही. मग मी वर्तमानपत्र घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसू लागलो. एकदा फोनवर तो कुणाला म्हणाला, “जुना ओरिजिनल हाय, पण देनार न्हाय.” कुठला जुना? मला विचारवेना. घरी येऊन रचनाला ‘हो’ लिहायला बसायचो आणि कागद कोराच राहायचा.

शेवटी कार्बोरेटर पिशवीत घालून गेलो. “खालची वाटी उघडून दाखवशील?”

“आज टाइम न्हाय, काका.”

दारात सुकट निवडत त्याची आई नीराबाई बसली होती. “दाखव की रं. भाऊ रोज येतान ते काय पेपर वाचायला? पेपर उलटा असतो त्यांचा.”

“आये, तू गप.”

“का गप? भाऊ, मीच घासलाय त्यो. पुनवेला होडीची पितल चिंचेच्या पान्यात घालतो आम्ही. म्हटलं, अनंताचा हाय, घरी चाललाय, यालाबी घालू. रातभर ठेवला, सकाली राखेनं घासला. कसा झाला?”

“मुलामा खाल्ला तिनं सगळा,” निकेश पुटपुटला. “आईचं नाव कसं सांगू तुम्हाला?”

त्याने स्क्रू सोडले. आतलं जुनं पॅकिंग इतकं घट्ट चिकटलं होतं की पातीने खरवडून काढावं लागलं. त्याखाली चिंचेचं पाणी पोचलं नव्हतं. तिथे अरुंद, पिवळी कड होती. तरी मी फळीवरचा एक नकली उघडायला लावला. तो आतूनही पांढराच. निकेशने दोन्ही बंद केले. “त्या दिवशी फोनवर एक जण ह्योच इकत मागत होता, त्याला न्हाय म्हटलं.”

“मुलामा परत चढवून मिळतो,” तो म्हणाला. “पनवेलला न्यावा लागंल.”

“रचनाला विचारतो.”

त्या दुपारी लिहिलं: ‘कार्बोरेटर तुझ्या बाबांचाच आहे. पिवळा रंग गेला. नीराबाईंनी होडीच्या पितळेबरोबर तो चिंचेत घातला. निकेशने बदलला असं मी उगीच धरून बसलो होतो, म्हणून उशीर. मुलामा पुन्हा चढवायचा की नीराबाईंनी घासलाय तसाच ठेवायचा, तू सांग.’

‘उगीच’ शब्द खोडावा का, याचा विचार करत पोस्टापर्यंत चालत गेलो. खोडला नाही. पत्र पेटीत टाकलं.