पंधरा वेळा न उघडलेलं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी शिशाची वाटी आहे. आकार नखाएवढा, पण तोरा परातीएवढा! पापणीवर वाईट गाठ आली की तिला यंत्राने किरणांचा शेक देतात. तेव्हा डोळा बधिर करून मला पापणीखाली बसवतात. किरण माझ्यावर आपटतात, मागचा डोळा वाचतो.

शेक देणाऱ्या थोरल्या बाई होत्या तोवर माझा मान होता. काम झालं की मला स्वच्छ करून पाकिटात बंद करायच्या, वर तारीख घालायच्या. "ही आमची पहारेकरीण," म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी हा मशीनवाला आला. अंगात घाई, हाडात आळस.

मग शिवणकाम करणारी एक बाई आली. डाव्या पापणीवर गाठ.

"डोळ्याला काही होणार नाही ना रे? माझं पोट सुईवर आहे."

"मावशी, डोळा मिटून पडा. झालंच!"

मी खणात जळफळत होते. पंधरा शेक झाले. पंधरा वेळा त्याने वहीत लिहिलं, 'वाटी बसवली.'

दीड वर्षाने तिला त्या डोळ्याने सुईचं नेढं दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेकाने आतला पडदा पाझरतोय. वर्षभर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. गेलेली नजर येईलच असं नाही, उरलेली राखू. पण वाटी बसवली होती ना?"

"कसली वाटी?"

दोघी तडक शेकाच्या खोलीत. मशीनवाल्याने वही पुढे केली.

"वही ठेव. वाटी काढ," बाई म्हणाली.

त्याने मला खणातून काढलं. पाकीट जसंच्या तसं बंद. वर थोरल्या बाईंचं अक्षर, त्यांच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची तारीख. डॉक्टरीणबाईंनी ती मोठ्याने वाचली. काय सांगू, शिसं असूनही मी फुलून आले!

"मावशी, चूक झाली."

"पंधरा वेळा? मेल्या, माझ्या एका टाक्यात तरी एवढी चूक दाखव!"

दवाखान्याचे मोठे डॉक्टर त्याला नोकरीवरून काढायला निघाले. बाईने अडवलं. "घरी बसवून त्याला आराम कशाला? माझ्या डोळ्यात सुई जाईल तेव्हा हा समोर उभा राहील. डोळे उघडे ठेवून. आणि ही वाटी याच्या मुठीत द्या."

परवा चौथं इंजेक्शन झालं. बाईला नेढं अजून दिसत नाही, कापडावरची खडूची रेघ दिसू लागलीय. सुई जवळ आली की तो मला आवळतो. मीही कड लावून तळव्यात रुतते, मुद्दाम.

मित्रांनो, राखणीला दिलेली वस्तू खणात कोंडू नका. आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही.

अजून आठ इंजेक्शनं बाकी आहेत. घाई त्याला होती, मला नाही.