सोफेवाल्यांचा अडलेला श्वास

सोफेवाले कामावर झोपायचे, आणि त्यांच्या धंद्यात झोपायची सोयही भरपूर होती. दुकानात जिकडे बघावं तिकडे गाद्या, उशा, अर्ध्या भरलेल्या खुर्च्या. कुठंही जरा टेकलं की डोळा लागलाच. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेआड एक मिशीवाला दणकट माणूस नव्या कोऱ्या कोचावर तोंड उघडं टाकून पडलेला दिसायचा. एक बाई तर शेजारच्या दुकानातल्या शिंप्याला गाठून म्हणाल्या, "हाच कोच हवा मला. यांना एवढी झोप लागलीय म्हणजे चांगलाच असणार." कोच विकला गेला. तो गाडीत चढवायचा म्हणून सोफेवाल्यांना उठवावं लागलं.

सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तो चुकांचा प्रकार झाला.

कापड लाकडावर ताणून ठोकायला जे बारीक खिळे लागतात, त्यांना चुका म्हणतात. एक हात कापड ओढण्यात आणि एक हातोडीत गुंतलेला, तेव्हा कारागीर मूठभर चुका तोंडात धरतो आणि जिभेनं एकेक पुढे सरकवतो. सोफेवाल्यांचं हे तीस-पस्तीस वर्षं चाललं होतं. त्या दुपारी त्यांची बायको दुकानात आली, तर नवरा एका खुर्चीपुढे गुडघे टेकून बसलेला, हातात हातोडी, गाल फुगलेले आणि डोळे मिटलेले. श्वास आत ओढताना गालातल्या चुका किणकिणत होत्या.

बायको शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. आरडाओरडा त्यांच्या स्वभावातच नव्हता, आणि त्या दिवशी तेच कामाला आलं. दचकून एखादी चूक घशात गेली असती तर? त्यांनी हळूच नवऱ्याच्या हनुवटीखाली ओंजळ धरली, मानेवर बोट ठेवलं आणि वाचनालयातल्या आवाजात म्हणाल्या, "थुंका."

सोफेवाल्यांनी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडलं. सगळ्या चुका ओंजळीत पडल्या.

"आयुष्यभर तुमच्या चुका पदरात घेतल्या," बाई म्हणाल्या, "आज हातात घ्यायची वेळ आली. आता मुकाट्यानं डॉक्टरांकडे चला."

दिवसाच्या या झोपेचं मूळ रात्रीच्या घोरण्यात आहे, हे बाईंना केव्हाचं वाटत होतं. सोफेवाल्यांचं घोरणं साधंसुधं नव्हतं. आधी लाकूड कापल्यासारखा आवाज, मग एकदम चिडीचूप, आणि मग कुणीतरी पाण्यातून डोकं बाहेर काढावं तसा हुंदका देऊन पुन्हा करवत सुरू. दिवसभर लोकांना 'हळू बोला' सांगणाऱ्या बाई रात्री हे सगळं निमूट ऐकत. तरुणपणी त्यांनी कानात कापूस घालून पाहिला, नवऱ्याला कुशीवर वळवून पाहिलं, एकदा तर चटई घेऊन स्वयंपाकघरात झोपल्या. पुढे पुढे सवय झाली. आगगाडीच्या रुळांशेजारी राहणाऱ्यांना जशी गाडीची होते, तशी.

निद्राकेंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडतो, आणि मेंदू बिचारा रात्रभर यांना उठवत बसतो. मग दिवसा झोप येणार नाही तर काय होईल? त्यांनी एक यंत्र दिलं. पुस्तकाच्या जाड खंडाएवढी पेटी, तिला एक लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. पेटी रात्रभर हवेचा हलका दाब देते, त्यामुळे घसा मिटत नाही. आणि रात्री श्वास कसा चालला, याची नोंदही ती ठेवते, ती डॉक्टरांना त्यांच्या संगणकावर दिसते.

पहिले काही दिवस तर चमत्कारच. सोफेवाले सकाळी गाणं गुणगुणत उठू लागले. दुकानात दुपारभर उभं राहून काम करू लागले. शेजारच्या शिंप्यानं काळजीनं विचारलं, "बरं आहे ना? आज पडला नाहीत ते."

पण नव्याची नवलाई सरली आणि त्यांचे डोळे पुन्हा जड व्हायला लागले. जांभयांवर जांभया. तिकडून डॉक्टरांचाही निरोप आला: येऊन भेटा, नोंदीत काहीतरी विचित्र दिसतंय.

डॉक्टरांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. श्वासांच्या लाटा शांतपणे वर-खाली चाललेल्या, आणि मध्येच लाट नाही, सपाट. मग पुन्हा लाटा, पुन्हा सपाट.

"घसा मिटलेला नाहीये," डॉक्टर म्हणाले, "वाट मोकळी आहे. तरी तुम्ही श्वास घेत नाही. कधी कधी असं होतं. यंत्र लावल्यावर सुरुवातीला मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायचा विसरतो."

"मेंदूचं मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "दुधाची पिशवी आणायलाही विसरतात."

बाई वरून हसल्या खऱ्या, पण घरी जाताना त्यांनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. डॉक्टरांनी दाब थोडा कमी केला. फरक नाही. हृदय तपासलं, ते ठणठणीत. औषधं विचारली, तर सोफेवाले साधी डोकेदुखीची गोळीही घेत नव्हते. शेवटी डॉक्टर म्हणाले, इथंच झोपा, आमच्या डोळ्यांसमोर.

केंद्रात दुपारीही चाचणी होई. तिथं एक तंत्रज्ञ बाई होती, चाळिशीची, चटपटीत. माणसाच्या डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवायचं काम तिचं, म्हणून सोफेवाल्यांनी पहिल्या भेटीतच तिचं नाव वायरवाली ठेवलं होतं. वायरवालीनं त्यांना नीट बांधलं, मास्क लावला, पडदे ओढले आणि ती काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली. बाई बाहेर बाकावर पुस्तक उघडून बसल्या आणि एकही पान उलटलं नाही.

सोफेवाले ढाराढूर झोपले. श्वास एकदाही थांबला नाही.

"इथं सगळं ठीक, घरी बिघाड," डॉक्टर गाल खाजवत म्हणाले. "घरी वेगळं काय आहे?"

"गादी," सोफेवाले म्हणाले. "तुमची फार वाईट आहे. आत नुसता चुरा भरलाय."

"तरी झोप लागली?"

"उत्तम लागली."

वायरवालीनं विचारलं, "काका, घरी खोलीत आणखी कोण असतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"मग काकू, पुढच्या वेळी तुम्हीही आत झोपा. शेजारी खाट टाकते."

पुढच्या आठवड्यात दोघं आली. दोन खाटा जवळजवळ लावल्या होत्या. सोफेवाल्यांना वायरी, बाईंना नुसती उशी. पडदे ओढले गेले. वायरवाली काचेपलीकडे संगणकाच्या पडद्यावर नजर लावून बसली. एका चौकोनात श्वासाची रेघ, दुसऱ्यात मेंदूची, तिसऱ्यात अंधारातही दिसणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र.

थोड्या वेळानं श्वासाची रेघ सपाट झाली.

तिनं लगेच मेंदूची रेघ पाहिली. माणूस झोपलेला नव्हता. टक्क जागा होता. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. सोफेवाले डोळे मिटून पडले होते, पण मान किंचित बायकोच्या दिशेला वळलेली. आणि शेजारच्या खाटेवर बाईंनी डोकं उशीवरून बोटभर वर उचललेलं, कान नवऱ्याकडे, डोळे मिटलेले. वायरवाली पडद्याच्या आणखी जवळ सरकली. बाईंच्या छातीवरची चादरही हलत नव्हती.

मग दोघांनी एकदमच श्वास सोडला. बाईंनी डोकं खाली टेकवलं. जरा वेळ लाटा चालल्या. पुन्हा तेच.

तिनं डॉक्टरांना हाक मारली. "सर, या लवकर. श्वास थांबलाय."

"कोणाचा?"

"दोघांचा."

डॉक्टरांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलू लागले. वायरवाली तोंडावर हात दाबून हसत होती. हसू आवरल्यावर ती आत गेली आणि तिनं दिवा लावला.

"काका, झोपलात का?"

"हो," मास्कखालून आवाज आला.

"झोपलेला माणूस हो म्हणत नाही. मघाशी श्वास का रोखला होता?"

सोफेवाल्यांनी मास्क काढला. मिशी चपटी झाली होती. ते छताकडे बघत म्हणाले, "हिचा ऐकू येत नव्हता म्हणून."

बाई ताडकन उठून बसल्या. "माझा? अहो, मी तुमचा ऐकत होते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. यंत्र आल्यावर एका पहाटे सोफेवाल्यांना बायकोच्या आधी जाग आली आणि त्यांनी यंत्र बंद केलं. घरात कधी नव्हती एवढी शांतता. त्या शांततेत त्यांना अगदी बारीक, कागद सरकावा तसा आवाज आला. आधी त्यांना वाटलं उंदीर आहे. मग कळलं, की ही आपल्या बायकोच्या श्वासाची चाहूल. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, कारण ते नेहमी बाईंच्या नंतर उठायचे आणि तोवर घोरत असायचे.

"इतका बारीक गं," ते म्हणाले. "मला वाटलं, हिला पुरतो तरी का एवढा? मग रात्री लक्ष जायला लागलं. यंत्राची फुसफुस असते, माझाही आवाज असतो, त्यात तुझा सापडत नाही. म्हणून आपला थांबवून ऐकायचो. मला माहीतच नव्हतं तू श्वास कशी घेतेस ते."

"कशी म्हणजे? नाकानं." पण बाईंचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. उशी मांडीवर ओढून घेत त्या म्हणाल्या, "आणि मी काय करायचं? इतकी वर्षं तुम्ही जिवंत आहात हे सगळ्या इमारतीला ऐकू यायचं. आता एकदम सामसूम. जाग आली की काळजात धस्स होतं. हलवून उठवलं तर तुमची झोप मोडेल, म्हणून मीही श्वास रोखून कान लावायचे."

"म्हणजे मी ऐकायला लागलो की तू श्वास घेत नव्हतीस."

"आणि मी ऐकायला लागले की तुम्ही."

"आणि तुझा येईना म्हणून मी आणखी रोखायचो."

"रात्रभर," वायरवाली म्हणाली, आणि पुन्हा तिला हसू फुटलं.

डॉक्टर आत येऊन खाटेच्या कडेवर टेकले. ते म्हणाले, "बिचाऱ्या यंत्राला जागेपण ओळखता येत नाही. नाकावर मास्क आला की त्याच्या लेखी तुम्ही झोपलात. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, की झोपेत श्वास थांबतोय, आणि मी तुमच्या मेंदूवर आळ घेतला. यंत्र सोडायचं मात्र नाही हं. ते आपलं काम चोख करतंय. आता तुम्ही झोपायचं तेवढं बघा. यावर माझ्याकडे गोळी नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. घरी जाताना त्यांनी रस्त्यात दोनदा नवऱ्याकडे बघून मान हलवली आणि दोनदा हसल्या.

पण कारण कळलं म्हणून खोड जाते थोडीच? दोघांनी आधी हात धरून झोपायचं ठरवलं. हाताला घाम सुटला. मग बाईंनी नवऱ्याच्या पोटावर हात ठेवून पाहिला. तो बरा होता, पण वळताना कोपर नळीत अडकलं, मास्क कानावर गेला आणि हवेची शिट्टी वाजली. एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपावं, तर गादीत दोघांच्या वजनानं दोन खळगे आणि मधोमध उंचवटा झालेला.

तेव्हा सोफेवाल्यांनी उठून गादीवर तळहात दाबला आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं. ही गादी त्यांनीच केली होती. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली. 'एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला पत्ता लागणार नाही,' असं छातीठोक सांगून ते अशा गाद्या विकत आले होते. आणि घरात नेमका तोच पत्ता हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि दुकानात घरासाठी नवी गादी करायला घेतली. स्प्रिंगा एकमेकींना तारेनं जोडल्या, जुन्या पद्धतीनं, एक दबली की शेजारची हलणार अशा. वर कापूस पिंजून पातळ थर दिला, जाड दिला तर हालचाल मुरून जाते. कडा स्वतः टाचल्या. मध्ये मध्ये एका टोकाला ते आडवे होत आणि शिंप्याला दुसऱ्या टोकाला झोपायला लावत.

"काय कळतंय?"

"तुम्ही श्वास घेताय ते कळतंय."

"नुसतं कळतंय की डुगडुगतंय?"

"जरा डुगडुगतंय."

मग ते उठून दोन तारा सैल करत. शिंप्याला हे फार आवडलं. त्याचं कापायचं काम पडून राहिलं, पण दुपारची विश्रांती उत्तम झाली.

गादी घरी आली. बाई आपल्या बाजूला पडल्या, सोफेवाले त्यांच्या. मास्क लावला, यंत्र फुसफुसू लागलं. पाठीखाली गादी अगदी हलकी वर आली, खाली गेली. दुसऱ्या बाजूनंही तसंच. कान लावायची गरजच नव्हती.

"कळतोय का?" बाईंनी विचारलं.

उत्तर आलं नाही. गादी मात्र वर आली, खाली गेली. बाईंना बरं वाटलं, आणि पुढचं त्यांना आठवत नाही.

सकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बरीच मंडळी ताटकळली. रोज पहिलं वर्तमानपत्र उघडणारे एक निवृत्त मास्तर तीनदा दारावर टकटक करून आले. आजवर बाईंना उशीर झाला नव्हता. त्या धापा टाकत आल्या, तेव्हा एका गालावर उशीची घडी उमटलेली होती.

"बाई, बरं नाही का?" मास्तरांनी विचारलं.

"झोपले होते," कुलूप काढत बाई म्हणाल्या, आणि सांगताना त्यांना लाज वाटण्याऐवजी मजाच वाटली.

"मग आज आम्हीच हळू बोलतो," मास्तर म्हणाले.

महिन्याभरानं दोघं निद्राकेंद्रात गेली, तेव्हा पडद्यावर लाटाच लाटा होत्या, एका उंचीच्या, एका अंतराच्या. डॉक्टरांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि पुढची तारीख लांबची दिली. सोफेवाल्यांनी गादीची हकीकत सांगितली. वायरवालीनं ती कान देऊन ऐकली आणि म्हणाली, "काका, मलाही एक गादी करून द्या."

"देतो की. जोडलेल्या स्प्रिंगांची?"

"छे, छे. ती पिशवीवाली, पत्ता न लागणारी. आमचे हे रात्रभर लाथा झाडतात."

सोफेवाल्यांनी खिशातून टेप काढली आणि खाटेची मापं विचारली.