एकच काठ

“जोडताना पीळ पडू देऊ नको, कुंदा. पट्टी सरळ ठेव, मग टाके घाल.” देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची लोकरीची गळपट्टी शिकवताना सासूबाई सांगायच्या. तीस हिवाळे तेच करत आले, त्यामुळे हात आपोआप सरळच जोडतात.

माझी मयुरी धुळ्याला कॉलेजात गणित शिकवते. तिच्या वर्गातल्या किरणला दिसत नाही. फळ्यावरची आकृती तिच्या काय कामाची? म्हणून मयुरीने माझ्याकडे बोटांनी चाचपता येईल अशी एक विणलेली पट्टी मागितली, अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली. “सोमवारी दुपारी तुझ्या हातात देईन, असं कबूल केलंय मी तिला.”

“देईन हो करून,” मी म्हटलं.

रविवारी मयुरी अमळनेरला आली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि हसत सुटली. “आई, ही तर कृष्णाची गळपट्टीच झाली! बोट बाहेरून निघालं ते बाहेरच राहिलं.”

पीळ राहूनच गेला होता. मी शिवण उसवली, मनातल्या मनात सासूबाईंची क्षमा मागितली आणि पीळ देऊन पुन्हा जोडली. कडा मात्र आत वळत होत्या, काठ घालायलाच हवा होता. “तू जा पुढे,” मी म्हटलं, “उद्या मी स्वतः घेऊन येते.”

सोमवारी पूजा आटोपून लाल लोकर आणि क्रोशा घेऊन बसले, शिवणीपाशी गाठ मारली. एका टाक्याला एक नाम, आणि सुरुवातीच्या गाठीशी परत येईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. एका काठाला एकशे आठ टाके, मग दुसरा काठ, असं धरलं होतं.

एकशे आठ झाले. शिवण आली, पण गाठ नाही! ती समोरच्या काठावर. क्रोशा तसाच पुढे नेला.

“चहा भेटी का?” हे दारातून म्हणाले. मी पुढचा टाका घातला. “आज देव लांब ऱ्हावाले गया का काय?”

देव लांब राहायला गेला, म्हणून नामं संपेनात! हसू कसंबसं दाबलं. आणखी एकशे आठ नामं झाली आणि गाठ आली. धागा कुठेच तोडला नव्हता, तरी दुसरा काठ शिल्लकच नव्हता. डोळे मिटून बोट फिरवलं. आतून बाहेर, बाहेरून आत, न उचलता होतं तिथे परत.

ह्यांना चहा करून दिला. पट्टी घटकाभर देवापुढे ठेवली, धुतलेल्या रुमालात गुंडाळून पिशवीत घातली आणि धुळ्याच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाले.