आपोआप गार होऊ द्यायचं

मनकर्णा त्या यंत्राला तळहाताच्या फोडासारखं जपायची. मांजरसुंब्याच्या वरच्या डोंगरात त्यांची वस्ती. तिथं विजेचा खांब अजून पोचला नव्हता, म्हणून एका संस्थेनं चुलीला जोडायचं हे यंत्र दिलेलं. एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला पाण्याचं भांडं, मधे एक पट्टी. पट्टी इकडून तापली आणि तिकडून गार राहिली की दिवा लागायचा.

"पाणी रेघंच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई. धूर कोंडतो, दार उघडं ठिवायचं. अन् तापल्या पट्टीवर गार पाणी कवाच वतायचं न्हाई. जाळ वढून घ्यायचा, आपोआप गार होऊ द्यायचं," असं ती नवऱ्याला, सटवाला, बजावायची.

पण पालथ्या घड्यावर पाणी! सटवाचा जन्म मेंढरांमागं गेला, चुलीपुढं तो कधी बसलाच नाही. मागच्या हिवाळ्यात मेंढरं सोडायच्या घाईत त्यानं तापल्या पट्टीवर तांब्या उपडा केला आणि पट्टी तडकली. संस्थेच्या पोरीनं पुढं नवी पट्टी बसवून दिली.

यंदा मनकर्णाच्या पोटात गाठ निघाली. बीडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिनं एकच धोसरा धरला. सटवानं स्वतः चूल पेटवावी, यंत्र चालवावं, भाकर थापावी, आणि ते तिनं एकदा डोळ्यांनी बघावं. आपल्यामागं हा माणूस अंधारात उपाशी बसेल, एवढाच तिच्या जिवाला घोर होता.

सटवाला हे कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण चूल पेटवली म्हणजे तिच्या जाण्याला आपणच रुकार दिल्यासारखं होईल, असं त्या वेड्यानं मनात घेतलेलं. म्हणून रोज उजाडलं की तो मेंढरं पुढं घालून पळायचा.

सोमवारी ती बाजेवरून म्हणाली, "अवो, आज तरी पेटवा. मी हितनंच बघते."

"उद्या पेटवतो की. तू कुटं पळून चाललीस?" सटवा हसला आणि गेला.

दुपारी परतला तेव्हा ती गेलेली होती. चूल थंड होती. यंत्राच्या भांड्यात पाणी मात्र रेघेपर्यंत भरलेलं. तिला कूस बदलता येत नव्हती, ती उठली कशी असेल, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसं जमली. राखेत अजून निखारे होते. मनकर्णाचा भाऊ बजरंग बादली उचलून म्हणाला, "सरका दाजी, पाणी मारतो. लोकांना गावं गाठायचीत."

सटवानं त्याचं मनगट धरलं. "वतू नको."

"कावून?"

"आपोआप गार होऊ दे. लई डाव सांगितलं रे तिनं. म्या ऐकलं न्हाई." आणि तो लहान लेकरागत रडायला लागला.

बजरंगनं बादली खाली ठेवली. लोक बाभळीखाली जाऊन बसले. ऊन डोक्यावर आलं तरी सटवा तिथून हलला नाही. राखेवर तळहात धरून तो पुन्हा पुन्हा ऊब बघत होता. तिनं शिकवलेलं एवढं एक काम तो आज नीट करत होता, आणि बघायला ती नव्हती.