वरचं फाटक

चार चाकांची क्वाड बाइक पुरती थांबायच्या आतच आयोनाने खाली उडी मारली आणि उघड्या फाटकासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“लोसा! हे काय आहे?”

“फाटक,” मागच्या सीटवरून लोसा म्हणाली. ती आयोनाची वसतिगृहातली मैत्रीण, सुट्टीसाठी इथे आलेली. वाऱ्याने तोंडात गेलेले केस ती एकेक करून बाहेर काढत होती. “लोखंडी. जरा गंजलेलं. का गं?”

“उघडं आहे!”

“वर जातानाही उघडंच होतं.”

“मग मी तुला उतरवलं कशाला होतं?”

“तू म्हणालीस उतर, मी उतरले. फाटक उघडंच होतं. तू गाडी पुढे काढलीस, मी परत बसले. तू तेव्हा कुत्रीवर किंचाळत होतीस.”

ते खरं होतं. वर जाताना ऐन फाटकापाशी टिप एका सशामागे सुटली होती आणि आयोनाचं सगळं लक्ष तिला शिव्या घालण्यात होतं. पण जूनमध्ये, हिवाळ्याच्या तोंडावरच, वरचं फाटक उघडं? छे! मेंढ्या वरच्या कड्यांवर होत्या आणि खाली ओढ्याकाठचं गवत कडक थंडीसाठी राखलेलं होतं. हे फाटक उघडं राहिलं की ते गवत आताच संपणार आणि ऑगस्टमध्ये मेंढ्यांनी खायचं काय, बाबांच्या टोप्या?

“आमच्याकडे एकच नियम आहे, बाई,” आयोना म्हणाली. “फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. बंद तर बंद, उघडं तर उघडं. शेंबड्या पोरालाही येतं हे.”

“मग सोड की. उघडं सापडलंय.”

“तू उघडलंस म्हणून सापडलंय!”

लोसाने दोन्ही हात वर केले. “मी ऑकलंडची आहे. आयुष्यात तीन मेंढ्या पाहिल्यात, त्यातली एक पावात होती. मी कशाला उघडू तुझं फाटक?”

आयोना मनापासून हसली, पण ऐकलं मात्र नाही. आपण बहुतेक वेळा बरोबर असतो, हा शोध तिला याच वर्षी लागला होता. वसतिगृहात, वर्गात, वादविवादाच्या मंचावर, सगळीकडे तो खरा ठरत चालला होता. फाटकाच्या पायाशी एक चपटा दगड अडकला होता, तो तिने बुटाने लाथाडला. फाटक ओढलं, साखळी आकड्यात घातली, एकदा हलवून बघितली. गरम वारा तिच्या जॅकेटात शिरून ते फुगवत होता. डोंगरभर पिवळं गवत लोळत होतं. सगळं कसं जागच्या जागी होतं.

“चल,” ती म्हणाली. “आत्याचे ताजे भाजलेले स्कोन गार होतील.”

स्वयंपाकघरात कोणालाच बसवत नव्हतं. वायव्येचा वारा सुटला की या घरात असंच व्हायचं. दारं आपटायची, कुत्री साखळ्या चावायची आणि एस्मे आत्या पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहायची. बाबांनी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला होता. ते खिडकीपाशी जात, दक्षिणेकडे बघत, परत येत, पुन्हा जात.

“बस की रे डूगल,” आत्या म्हणाली. “नुसता भोवरा झालायस.”

“आज येणार.”

“कोण?”

“बर्फ.”

“रेडिओवाला सोमवार म्हणतोय.”

“रेडिओवाल्याकडे मेंढ्या नाहीत.”

“नसतील. पण तो आपल्या बहिणीला दुकानात विसरूनही येत नाही.”

बाबा पुन्हा खिडकीकडे वळले. लोसाने आयोनाकडे पाहिलं, आयोनाने बशीकडे. एप्रिलमध्ये ते झालं होतं. बाबा आत्याला घेऊन गावात गेले होते आणि एकटेच परत आले होते. आत्या दुकानाच्या पायरीवर पिशव्या घेऊन अंधार पडेपर्यंत बसून होती. आधी सगळे हसले. मग बाबांनी पाणी न घालता किटली तापवून जाळली. मग एका कुत्र्याला मेलेल्या कुत्र्याच्या नावाने दिवसभर हाका मारल्या. मग कोणी हसेना. आत्याने गावात छोटंसं घर बघून ठेवलं. डोंगर भाड्याने द्यायचा, मेंढ्या विकायच्या आणि दोघा भावंडांनी गावात राहायचं, असं तिचं म्हणणं. त्यावर बाबांनी याच टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, “या हिवाळ्यात माझ्या विसरण्याने एक मेंढी जरी गेली, तर किल्ल्या मी स्वतः तुझ्या हातात देईन. तोवर नाव काढू नकोस.”

बाबांना डोंगरावरून उतरवणं म्हणजे काय, ते आयोनाला कळत होतं. गावातल्या त्या घराच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती.

तेवढ्यात वारा पडला. आपटणारं दार अर्धवट उघडं राहून गेलं. आत्याच्या हातातलं फडकं थांबलं. बाहेर कुत्री गप्प झाली. मग दक्षिणेकडच्या डोंगररांगेवरून करडी भिंत घसरत खाली आली, आणि शेडच्या पत्र्यावर गारा अशा तडतडल्या की लोसा टेबलाखालीच जायची बाकी राहिली. स्कोनवरचं लोणी वितळायच्या आत थंडी दाराच्या फटीतून आत शिरली होती. गारा थांबल्या आणि बर्फ सुरू झाला.

लोसा धावत बाहेर गेली. तिने जन्मात बर्फ पाहिला नव्हता.

“आयोना! अगं, हा आवाजच करत नाही!”

बाबांनी मात्र स्वेटर चढवला आणि सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत बसले. पाय लांब केले. स्कोन घेतला.

“पडू दे,” ते म्हणाले. “उजाडताच वर जाऊन फाटक उघडून आलोय. मेंढ्यांना आपल्याआधी कळतं. एव्हाना सगळ्या ओढ्याकाठी उतरल्या असतील.”

आत्या बघतच राहिली. “आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू रेडिओ मोठा केला असतास.”

“आगाऊ कुठला!” आत्या म्हणाली आणि खळखळून हसली. भावाच्या पाठीत एक धपका घातला. त्याच्या बशीत अजून एक स्कोन ठेवला.

आयोनाच्या डोळ्यांसमोर तो चपटा दगड आला. फाटक वाऱ्याने मिटू नये म्हणून कोणीतरी नीट बघून, पाचर मारल्यासारखा बसवलेला. ऑकलंडच्या मुलीला असा दगड बसवायचा असतो हे कुठून माहीत असणार?

तिने बोलायला तोंड उघडलं. आत्या अजून हसत होती. आयोनाने उघडलेल्या तोंडात स्कोन घातला.

दारात लोसा उभी होती. केसांवर बर्फ, नाक लाल. तिने सगळं ऐकलं होतं. ती आयोनाकडे नुसती बघत राहिली.

“मी कुत्र्यांना बघून येते,” आयोना उठली.

“थांब, मीही येतो,” बाबा म्हणाले. “आल्यात का बघू तरी.”

ओढ्याकाठी एकही मेंढी नव्हती. राखलेलं गवत पांढरं होत चाललं होतं, त्यावर एका खुराचाही ठसा नव्हता. बाबा दुर्बीण डोळ्याला लावून बराच वेळ उभे राहिले. मग दुर्बीण खाली केली आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं.

“उघडलं होतं ना मी?” ते स्वतःशीच म्हणाले.

फावडी घेऊन चौघंही निघाले. चढावर वारा समोरून येत होता, दातांत शिरत होता. आयोना सगळ्यांच्या पुढे होती, जवळजवळ धावत होती. आता सांगू, पुढच्या वळणावर सांगू, आधी फाटक तर उघडू. पण प्रत्येक वळणावर तिला फक्त आपलीच धाप ऐकू येत होती.

मेंढ्या उतरल्या होत्या. बाबा म्हणाले होते तशाच, बर्फाआधी, आपल्या आपण. आणि बंद फाटकाला भिडून, मागच्यांनी पुढच्यांवर रेलून, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तळाशी वाऱ्याने बर्फाचा ढीग लोटला होता आणि त्या ढिगात मेंढ्याही होत्या.

बाबा साखळीकडे बघत होते.

“मी दगड लावला होता,” ते म्हणाले. “मला आठवतंय. म्हणजे... मला वाटतं, मला आठवतंय.”

“असू दे, डूगल,” आत्या म्हणाली. “आधी मेंढ्या बघू या.”

ती हे हळू आवाजात म्हणाली. आजारी मेंढीशी बोलताना आत्या हा आवाज काढायची. बाबांशी तिला असं बोलताना आयोनाने कधीच ऐकलं नव्हतं.

आकडा गोठला होता. आयोनाने तोंड जवळ नेऊन त्यावर वाफ सोडली, हातमोज्याने ठोकला, पुन्हा वाफ सोडली. फाटक उघडलं, पण मेंढ्या हलेनात. पापण्यांवर बर्फ घेऊन नुसत्या उभ्या. मग बर्फ तुडवणं आलं. चौघांनी एकामागे एक चालायचं, उतारावरून खाली, वळायचं, आपल्याच पावलांवरून वर, पुन्हा खाली, बर्फात घट्ट पायवाट तयार होईपर्यंत. लोसाच्या पायात आत्याचे बूट होते, ते दर पावलाला निघत होते.

“हे मेंढ्यांसाठी?” ती धापा टाकत म्हणाली. “आमच्याकडे लग्नात नवरीलासुद्धा एवढी वाट करून देत नाहीत.”

कोणी हसलं नाही. आयोनाला ती हसवायचा प्रयत्न करतेय हे कळलं, आणि त्याने तिला जास्तच रडू यायला लागलं.

बाबांनी एका थोराड मेंढीला मानेखाली हात घालून पायवाटेवर आणलं आणि सोडून दिलं. ती तशीच उभी राहिली. टिप एकदा भुंकली. मेंढीने एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मग तिच्यामागे सगळ्या, दोऱ्यात ओवल्यासारख्या, खाली, ओढ्याकडे.

ज्या उरल्या, त्या तळाशी होत्या. चेंगरलेल्या. बाबा गुडघ्यांवर बसले आणि एकेकीच्या तोंडावरचा बर्फ हाताने झटकत गेले. एक अजून धुगधुगत होती, तिला आत्याने कोटात घेतलं. बाकीच्या गेल्या होत्या. उजेड कमी होत चालला होता.

बाबा उठले. त्यांनी हातमोजा काढला, खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला.

“एस्मे.”

“आत्ता नको, डूगल.”

“आत्ताच. मी म्हटलं होतं.”

लोसा आयोनाच्या कानाशी आली. “मी सांगू?” ती पुटपुटली. “म्हणेन मीच बंद केलं. माझ्यावर कोणीही विश्वास ठेवेल.”

“नको,” आयोना म्हणाली.

तिच्या जबड्याला थंडीने कळ लागली होती. वादविवादाच्या मंचावर तिला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. आता जे होते ते चारच होते आणि चारही जड होते.

“बाबा, मी बंद केलं.”

बाबांनी मान वळवली.

“फाटक. दुपारी. उघडं होतं, पूर्ण उघडं, दगड लावलेला. लोसा सांगत होती, मी ऐकलं नाही. मी लावलं. आणि घरी तुम्ही बोललात, तेव्हाच कळलं होतं मला. तेव्हाही गप्प बसले.” तिने मेलेल्या मेंढ्यांकडे बघितलं. “ह्या माझ्यामुळे गेल्या.”

ती थांबली. बाबा ओरडतील, म्हणून तिने खांदे आवळून घेतले.

बाबा ओरडले नाहीत. ते तिच्याकडे असे बघत राहिले, की जणू ती फार लांबून, कुठल्यातरी पलीकडच्या कड्यावरून काही सांगत होती. त्यांच्या भुवयांवर बर्फ जमला होता. एक हात फाटकावर टेकवून त्यांनी हळूच त्याचा आधार घेतला.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले.

“मी बंद केलं, बाबा. तुम्ही उघडलं होतं.”

“मोठ्यानं सांग. वारा आहे. एस्मेला ऐकू गेलं नसेल.”

आत्या त्यांच्या हाताच्या अंतरावर उभी होती.