दुसऱ्या छपराखाली

पहिला कौल पडला तो नकाराचा. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन्ही लाकडी तुकडे फरशीवर आपटले, जरा गडगडले आणि पालथे पडले.

"बाबा नाही म्हणतायत," सगळ्यांना दिसत असलेली गोष्ट चिहहुंगनं सांगितली. तो लहानपणापासून असाच.

युछाइनं गुडघा धरत वाकून तुकडे उचलले. आज तिच्या नवऱ्याचं, ह्वोवांगचं वर्षश्राद्ध. वर्षभर त्याच्यासाठी वेगळी मांडलेली कागदी नामपाटी आज जाळायची, त्याचं नाव पूर्वजांच्या लाकडी पाटीत लिहायचं, त्याच्या धूपदानातली चिमूटभर राख त्यांच्या धूपदानात मिसळायची, की म्हातारा पितरांत जमा. आधी त्याची परवानगी तेवढी घ्यायची. तैवानातल्या या लुकांगमध्ये घराघरात हे होतं, आणि बहुतेक मेलेली माणसं फारसे आढेवेढे न घेता हो म्हणतात.

नकार बघून युछाइला मात्र हायसं वाटलं. त्या कागदी पाटीच्या दुहेरी घडीत एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर बारा शब्द होते.

ह्वोवांगनं जन्मभर मत्स्यतळ्यांवरचे पंप दुरुस्त केले. नखांतलं ग्रीस लग्नातही निघालं नव्हतं. उतारवयात कुणा तळेवाल्याच्या नादानं त्यानं थोडे बिटकॉइन घेतले आणि ते फोनमधल्या पाकिटात ठेवून दिले. आजार बळावल्यावर एका दुपारी त्यानं बायकोला शेजारी बसवलं.

"हे बारा शब्द म्हणजे किल्ली. फोन तळ्यात पडला तरी बिघडत नाही. नव्या फोनवर हे शब्द ह्याच क्रमानं घातले की सगळं परत येतं. पण शब्दच हरवले तर गेलं. आणि दुसऱ्या कुणाला सापडले तर पैसे त्याचे."

"मग बँकेत जाऊन भांडायचं."

"ह्यात बँकच नाही."

"भांडायला माणूस नाही तिथे पैसे ठेवलेस कशाला?"

तो हसला, मग बराच वेळ खोकला. "ऐक. फोटो काढायचा नाही, फोनमध्ये लिहायचे नाहीत. कुणी फोन करून मागितले तर तो चोरच समज, कितीही गोड बोलू दे. कागदावर दोन प्रती करायच्या, दोन वेगळ्या छपरांखाली ठेवायच्या. एक घर जळालं तरी दुसरी राहते."

"दुसरं छप्पर कुणाचं?"

तिथंच गाडी अडली. चिहहुंग सोन्यासारखा मुलगा, पण तोंडात तीळ भिजत नाही. मुलगी यीचन तायपेइत भाड्यानं राहते, सारखी खोल्या बदलते. ह्वोवांगच्या बहिणीचं नाव निघालं तेव्हा तो म्हणाला, "तिला देण्यापेक्षा देवळाबाहेरच्या फळ्यावर लाव." दुसरी प्रत राहिली ती राहिलीच.

"तुझे गुडघे बोलायला लागले की गाडी बंद कर," तो शेवटी म्हणाला. "पोरांपुढे हात पसरायचा नाही. म्हणून केलंय हे सगळं." युछाइ देवळाच्या गल्लीत रोज सकाळी शेवयांच्या पेजेची गाडी लावायची. गुडघे तेव्हाच बोलत होते, आता तर ओरडायला लागले होते.

तो गेल्यावर चिठ्ठी लपवायला जागा शोधत तिनं सगळं घर धुंडाळलं. तांदळाचा डबा सून आवरते, गादी चिहहुंग उन्हात टाकतो. मग तिला कागदी पाटी दिसली. तिला वर्षभर कुणी हात लावत नाही, धूळसुद्धा पुसत नाही, आणि राखण करायला ज्याचे शब्द तो स्वतःच बसलेला. जागा अशी नामी होती की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पाटी वर्षानं जाळतात, एवढं एकच ती विसरली. काल चिहहुंगनं जाळायची शेगडी आणून अंगणात ठेवली तेव्हा तिला ते आठवलं. तोवर घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि नणंदेनं नेमकी देवघरातच पथारी टाकली होती.

दुसरा कौलही पालथा पडला. तिसऱ्याला दोन्ही तुकडे उताणे.

"हसतोय. ना हो, ना नाही," पुरोहित लिन म्हणाले. "वहिनी, काहीतरी राहिलंय त्याचं. आठवा जरा."

"सिगरेट," नणंद म्हणाली. "दादाला जेवणाआधी लागायचीच." सिगरेट पेटवून ठेवली. कौल पालथा.

चिहहुंग खाली मान घालून उभा होता. "माझ्या चहाच्या दुकानात बाबांचे पैसे बुडाले, ते मनात धरून बसलेत का?"

"गप रे," युछाइ म्हणाली. "ते त्यानं तेव्हाच सोडून दिलंय." पुन्हा टाकलेला कौल पुन्हा पालथा.

तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली यीचन हळूच म्हणाली, "बाबांना आईला सोडून जायचं नाहीये."

युछाइच्या हातातले तुकडे तिला एकदम जड वाटले. चिठ्ठी राहिली बाजूला, तिलाही त्याला कुठे जाऊ द्यायचं होतं? वर्षभर रोज सकाळी ती त्याच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवत होती. उद्यापासून तो वाडगा सगळ्या पितरांचा होणार, त्यात त्याच्या वाट्याला किती येणार कोण जाणे.

"सगळे अंगणात जा," ती म्हणाली. "मला त्याच्याशी एकटीनं बोलायचंय."

दार लोटून तिनं पाटीला हात जोडले. "म्हाताऱ्या, हात घालतेय. गुदगुल्या झाल्या तर हसू नको." चिठ्ठी निघाली, अगदी कोरडी. त्याचं ते ठसठशीत, सरळ अक्षर, प्रत्येक शब्दापुढे आकडा. शब्दांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, लग्नात एका टेबलावर बसवलेल्या अनोळखी पाहुण्यांसारखे ते शेजारी शेजारी होते. तिनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं आजचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द उतरवला. मग बोट ठेवून दोन्ही कागद पडताळून पाहिले, वरून खाली आणि खालून वर.

आता दोन प्रती झाल्या. आणि दुसरं छप्परही तिला सापडलं. आजपासून ह्वोवांगचं बिऱ्हाड निराळंच होतं की. शेगडीत जाळलेलं त्याला तिकडे पोचतं, आणि गुपित ठेवायला त्याच्याइतका भरवशाचा माणूस तिला दुसरा माहीत नव्हता.

तिनं त्याची चिठ्ठी आपल्या झग्याच्या खिशात ठेवली आणि स्वतः लिहिलेलं पान ती पाटीत सरकवू लागली. त्याच्या हातचं एवढंच तर तिच्यापाशी होतं. पण पान सरकवता सरकवता तिचा हात थांबला. "तुझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला," असं तो आयुष्यभर म्हणत आला होता. कधी गाडीवर मदतीला आला की तिनं लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून तो गिऱ्हाइकाला कालवं घातलेल्या पेजेऐवजी साधी पेज द्यायचा आणि वर हिच्याशीच वाद घालायचा. इथं होता तेव्हा विचारायला ती शेजारी तरी होती. तिकडे तो हे कुणाकडून वाचून घेणार? आणि विचारता विचारता बारा शब्द चारचौघांत व्हायचे.

ती खुर्चीवर बसली. त्याच्या चिठ्ठीवरून तिनं अंगठा फिरवला, आणखी एकदा फिरवला. मग आपलं पान बाहेर काढलं आणि त्याच्या हातची चिठ्ठी परत पाटीच्या घडीत घातली.

दार उघडून तिनं सगळ्यांना आत बोलावलं. "हं, म्हाताऱ्या, आता जातोस?" एक तुकडा उताणा पडला, एक पालथा. "हो म्हणाला," पुरोहित लिन म्हणाले.

अंगणात पाटी पेटली. यीचननं आईच्या दंडाला धरलं. "आई, काय सांगितलंस त्यांना?"

"म्हटलं, वस्तू नीट जपून ठेव."

"कुठली वस्तू?"

"दिवाळं निघालेल्या चहावाल्याला ऐकू येईल, हळू बोल." चिहहुंग ओल्या डोळ्यांनी हसला. ज्वाळा खाली बसेपर्यंत युछाइ तिथंच उभी राहिली. खिशातल्या पानावर तिचा हात होता.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखी गाडी लावली. पेज उकळायला ठेवून ती बरण्या पुसू लागली. मिरपुडीच्या बरणीवर कितीतरी वर्षांपूर्वी ह्वोवांगनं काळ्या रंगानं लिहिलं होतं, मिरपूड. रोज पुसून पुसून अर्धं अक्षर गेलं होतं, आणि पुसणारी तीच. तिनं फडकं थांबवलं. मग ते बोटाला गुंडाळून ती त्या अक्षराला धक्का न लावता भोवतीनं बरणी पुसू लागली. पहिलं गिऱ्हाईक वाडग्यासाठी ताटकळत उभं राहिलं.