तोंड धुऊन दाखव

लालबर्ऱ्याच्या मंजुषाचं बालाघाटच्या पियुषशी जमलं, तर तिच्या आत्याचा, तुळसाबाईचा, फायदा सरळ होता: पोराला, राकेशला, पियुषच्या घरच्या राइस मिलवर नोकरी आणि मध्यस्थीची भारी साडी. भाचीचं भलं झालं तर तेही चालणार होतं.

आडवे आले मंजुषाच्या गालांवरचे वांगाचे डाग. उन्हाळी धानाच्या रोवणीत पोर दिवसभर बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यावर वाकलेली. ऊन वरून लागे, तसंच पाण्यावरून उसळून खालूनही. पावडरीनं भागणार नव्हतं, कारण पियुषची आई लीलाबाई पाहायला गेलेल्या मुलीला अंगणात नेऊन तोंड धुवायला लावी. म्हणून आत्यानं दुकानातून विनाचिठ्ठी ट्यूब आणली.

"हे धुतलं तरी उतरत नाही वो!" ती मंजुषाला म्हणाली.

पंधरवडाभर गाल उजळले. मग असे लालबुंद झाले, की चुलीपुढे बसवेना. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं, कातडी पातळ झाली होती. ट्यूब बंद, सकाळी सनस्क्रीन, दुपारी पुन्हा, उन्हात रुंद टोपी. डाग फिके पडायला महिने लागतील, आणि हयगय केली तर परत येतील.

पाहुणे यायच्या सकाळी आत्या नवी ट्यूब घेऊन हजर.

"आजच्या दिवस लाव ना माय! राकेशच्या पोटावर पाय देतं का?"

"त्याच्या पोटासाठी माह्या गालाची साल काढतं का, आत्या?"

पाहुणे आले. चहा हातात येताच लीलाबाई म्हणाली, "चाल बाई अंगणात. तोंड धू."

"धुऊनच बसली, मावशी. लाल दिसते ते ट्यूबचं, काळं दिसते ते रोवणीचं. त्याच रोवणीचा धान तुमच्या मिलवर येते." मग मंजुषानं पाण्याचा तांब्या उचलून पियुषपुढे ठेवला. "आता यायचं तोंडबी पाहू."

पियुषचा हात आपसूक गालाकडे गेला. पावडर त्यानंही थापली होती.

"पोराचं कोनी पाह्यते का?" लीलाबाई कडाडली.

"काहून नाही?"

चहा अर्धा टाकून पाहुणे उठले.

दुसऱ्या दिवशी मंजुषा सनस्क्रीनचा पांढरा थर फासून, बांबूची रुंद टोपी घालून धान निंदायला गेली. बाया हसल्या, तिनं टोपी आणखी खाली ओढली.

आत्या गावभर सांगत फिरली, नोकरी गेली, साडी गेली. जे हातात आलंच नव्हतं, ते गेलं कसं, हे तिला कोणी विचारलं नाही. लीलाबाईला दुसऱ्या मुली होत्या. दुकानदाराकडे ट्यूबचा नवा खोका आला होता. किंमत भरली ती एकट्या मंजुषानं, स्वतःच्या कातडीनं.